फुजीचा एक्स१०० आणि मेन्यूत हरवलेला आयएसओ: एक प्रकरण अभ्यास

राजगडावर पद्मावती माचीवर मुक्काम होता, रात्री आकाश मोकळं मिळालं म्हणून ट्रायपॉड लावून चांदण्यांचे फोटो काढले, त्यासाठी आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता, ६४०० ला नेला, आणि सकाळी उजाडताना सुवेळा माचीकडे निघालो तो कॅमेरा तसाच गळ्यात अडकवून. दोन-तीन तास फोटो काढले. उन्हात स्क्रीनवर काही धड दिसत नव्हतं, त्यामुळे सगळं छानच आलंय असं धरून चाललो होतो. घरी येऊन कॉम्प्युटरवर टाकले तर फोटोभर रवा पेरल्यासारखे दाणे, आणि बरेचसे तर पांढरेफटक, कारण शटर जेवढ्या वेगाने उघडमीट करू शकतं तेवढी करूनही उजेड जास्तच होता. कॅमेरा कुठल्या कंपनीचा ते सांगत बसत नाही, तेव्हाच्या बहुतेक कॅमेऱ्यांत हे असंच व्हायचं. आयएसओ किती आहे हे कळायला कॅमेरा चालू करा, स्क्रीनच्या कोपऱ्यातला बारीक आकडा वाचा. आणि ट्रेकवर असा आकडा कोण वाचतो?

मित्र म्हणाला, अरे तुझीच चूक आहे, बघायला नको होतंस का. बरोबर आहे त्याचं. पण हजारो लोक तीच चूक करत असतील तर ती नुसती माणसाची चूक राहत नाही, कुठेतरी कॅमेऱ्याच्या मांडणीतही गडबड आहे असं म्हणायला लागतं. त्या दिवसापासून मला कॅमेऱ्याच्या बटणांचं वेडच लागलं म्हणा ना. आणि बटणांच्या बाबतीत अभ्यास करायला सगळ्यात भारी केस कुठली, तर माझ्या मते फुजीफिल्मचा एक्स१००. भारी एवढ्यासाठी की एकाच कॅमेऱ्यात काही गोष्टी इतक्या मस्त जमल्यात आणि काही इतक्या फसल्यात की दोन वेगळ्या कंपन्यांनी अर्धा-अर्धा बनवलाय की काय असं वाटावं, आणि पुढची दहा-बारा वर्षं कंपनीने तो हळूहळू दुरुस्त कसा केला (आणि दुरुस्त करताना नवीन काय बिघडवलं) हे मॉडेलगणिक बघता येतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. सप्टेंबर २०१०, जर्मनीत कोलोनला फोटोकिना नावाचं फोटोच्या धंद्यातलं मोठं प्रदर्शन भरायचं, तिथे फुजीने हा कॅमेरा जाहीर केला. २०१० हे वर्ष लक्षात ठेवा, कारण डिजिटल कॅमेऱ्यांच्या विक्रीचं ते शिखर होतं, जगभरात त्या वर्षी १२ कोटींहून जास्त कॅमेरे कंपन्यांकडून बाहेर पडले. पुढे मोबाईलने सगळं खाल्लं आणि २०२१ मध्ये हाच आकडा ८४ लाखांच्या आसपास आला. तर ऐन शिखरावर असताना, जेव्हा प्रत्येक कंपनी जास्त झूम, जास्त सीन मोड, हसलं की आपोआप फोटो असल्या गोष्टी विकत होती, तेव्हा ह्यांनी झूमच नसलेला कॅमेरा आणला. एकच लेन्स, २३ मिमी एफ/२, तीही न निघणारी. १२.३ मेगापिक्सेल, सेन्सर मात्र मोठा, डीएसएलआरमध्ये (लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यात) असतो तसा, एपीएस-सी मापाचा. बॅटरीसकट ४४५ ग्रॅम. अमेरिकेत किंमत १,१९९ डॉलर, म्हणजे तेव्हा ह्या पैशात चांगला डीएसएलआर लेन्ससकट यायचा. आणि दिसायला आजोबांच्या कपाटातून काढल्यासारखा, वर धातूचं चंदेरी झाकण, खाली काळं लेदरसारखं आवरण. डिझायनर मासाझुमी इमाई. मार्च २०११ मध्ये तो बाजारात येत होता आणि त्याच महिन्यात ११ तारखेला जपानचा भूकंप झाला, कॅमेरा ज्या मियागी भागातल्या कारखान्यात बनायचा तिथलं काम थांबलं, त्यामुळे आधीच असलेली रांग आणखी लांबली.

लोक म्हणायचे दिसायला छान आहे म्हणून विकला गेला. हे अर्धंच खरं आहे. मी पहिल्यांदा हातात घेतला तो मुंबईत फोर्टला बोरा बाजारातल्या एका दुकानात, सेकंडहँड आणि बंद अवस्थेत, म्हणजे बॅटरीच नव्हती त्यात. आणि बॅटरी नसताना मला तो कॅमेरा कसा सेट आहे हे कळलं! वर शटर स्पीडचा डायल, त्यावर आकडे कोरलेले, २५० वर होता. लेन्सभोवती अॅपर्चरची, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या भोकाच्या मापाची, रिंग, ५.६ वर. उजव्या कोपऱ्यात एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, कमी-जास्त करायचा डायल, शून्यावर. बस. तीन ठिकाणी नजर टाकली की झालं. माझ्या राजगडच्या कॅमेऱ्यात ह्यातली एकही गोष्ट बंद असताना कळली नसती.

त्याहून हुशारी पुढे आहे. बाकीच्या कॅमेऱ्यांवर एक मोड डायल असतो, पी, ए, एस, एम, मग ऑटो, मग डोंगर, फूल, पळणारा माणूस अशी चित्रं. नवीन माणूस तिथेच गांगरतो, कारण आधी मोड निवडायचा आणि मग त्या मोडमध्ये कुठलं चाक काय करतं हे लक्षात ठेवायचं, तेच चाक एका मोडमध्ये शटर बदलतं आणि दुसऱ्यात अॅपर्चर. एक्स१०० वर मोड डायलच नाहीये. शटरच्या डायलवर एक ‘ए’ आहे, अॅपर्चरच्या रिंगवर एक ‘ए’ आहे. दोन्ही ए वर ठेवलं की सगळं कॅमेरा बघतो. अॅपर्चर तुम्ही धरलं आणि शटर ए वर, तर शटर तो ठरवतो. उलट केलं की उलट. दोन्ही हातात घेतले की फुल मॅन्युअल. म्हणजे ‘हे मी बघतो, ते तू बघ’ एवढंच सांगायचं. माझ्या बहिणीला, जिने आयुष्यात मोबाईलशिवाय कशावर फोटो काढला नाही, हे मी दोन मिनिटांत समजावलं आणि तिला कळलं, आणि मोड डायल समजावताना मी दोनदा हरलेलो आहे. अर्थात ही फुजीची शोधबिध नाही, फिल्मच्या जमान्यातल्या काही कॅमेऱ्यांवर हे होतंच, ह्यांनी ते परत आणलं.

व्ह्यूफाइंडर हा दुसरा चमत्कार. डोळा लावला की साधी काच, समोरचं जग जसंच्या तसं, आणि त्यावर तरंगणारी चौकट आणि आकडे. पुढच्या बाजूला एक छोटी लिव्हर, जुन्या कॅमेऱ्यावर सेल्फ टायमरची असायची तशी, ती ओढली की काच झाकली जाते आणि आत इलेक्ट्रॉनिक स्क्रीन दिसते, १४.४ लाख डॉटची. ऑप्टिकल आणि इलेक्ट्रॉनिक दोन्ही, डोळा न हलवता, एका बोटाने. आजही हे दुसरं कोणी नीटसं करत नाही.

आता रडगाणं.

पहिले खरेदीदार आणि रिव्ह्यू करणारे, दोघांनीही कॅमेऱ्याचं तोंड भरून कौतुक केलं आणि त्याच दमात तक्रारींची एवढी यादी दिली की वाचून वाटावं, मग घेता कशाला? आयएसओवरून सुरुवात करू कारण माझा जीव त्यात अडकलाय. ऑटो आयएसओ, म्हणजे उजेड कमी झाला की कॅमेऱ्याने स्वतःच संवेदनशीलता वाढवायची, ही अशा कॅमेऱ्यात सगळ्यात जास्त लागणारी सोय, रस्त्यावरून दुकानात शिरलं की लागते. तर आयएसओचा आकडा निवडायचा शूटिंग मेन्यूत, आणि ऑटो आयएसओ चालू-बंद करायचं ते भलतीकडे, सेटअप मेन्यूत, जिथे तारीख-वेळ आणि बीपचा आवाज असतो त्या खोलीत. म्हणजे डाळीचा डबा ओट्यावर आणि तिखटमिठाचा डबा माळ्यावर. शिवाय तुम्ही आयएसओ २०० निवडलेला आहे असं दिसतं, पण ऑटो चालू असेल तर प्रत्यक्षात फोटो १६०० ला निघू शकतो. कॅमेरा खोटं बोलत नाही, पण अर्धवट बोलतो.

बरं, हे सगळं मेन्यूत आहे तर एका बटणावर घ्या की. बटण एकच! वरती एफएन नावाचं एक बारकं बटण होतं ज्याला तुम्ही हवं ते काम देऊ शकता. त्या एका जागेला उमेदवार किती बघा. आयएसओ एक. मग एनडी फिल्टर. ह्या लेन्समध्ये शटर आतच आहे आणि एफ/२ वर (म्हणजे भोक सगळ्यात मोठं उघडलं की) ते १/१००० च्या पुढे नीट जात नाही, आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात एफ/२ वर फोटो काढायचा तर उजेड अडवायलाच लागतो, म्हणून आत तीन स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) काळा फिल्टर दिलेला, उत्तम सोय, पण चालू करायचा कसा, तर मेन्यूतून नाहीतर त्याच एफएनवरून. दुपारी एनडी पाहिजे आणि संध्याकाळी आयएसओ पाहिजे, आणि एका बटणावर दोन संसार काही होत नाहीत.

आणि हे चाललेलं असताना कॅमेऱ्याच्या पाठीवर, अंगठ्याच्या अगदी जवळ, सोन्यासारख्या जागेवर एक पूर्ण बटण होतं ज्यावर लिहिलेलं ‘रॉ’. दाबलं की पुढचा फोटो रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये. ज्याला रॉ काढायचाय तो कायमच रॉ वर ठेवतो, ज्याला नको तो त्या बटणाला वर्षभर हात लावत नाही. आणि सुरुवातीला ते बटण दुसऱ्या कामाला देताही येत नव्हतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

फोकसचं दुखणं जरा वेगळं आहे आणि मला ते जास्त इंटरेस्टिंग वाटतं कारण त्यात कॅमेरा तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता आणि तरी माणसाला चुकीचा वाटायचा. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर लेन्सच्या बाजूला वरती बसलेला, म्हणजे तुमचा डोळा एका खिडकीतून बघतो आणि लेन्स दुसऱ्या. लांबचं असेल तर फरक पडत नाही. पण टेबलापलीकडे बसलेल्या माणसाचा फोटो काढताना तुम्ही फोकसचा चौकोन त्याच्या डोळ्यावर ठेवला तरी लेन्सच्या हिशोबाने तो चौकोन डोळ्यावर नसतोच, जरा बाजूला सरकून पडतो. कॅमेरा इमानदारीत तिथे, म्हणजे मागच्या भिंतीवर, फोकस करायचा आणि वर हिरवा चौकोन दाखवून सांगायचा की झालं! लोक म्हणाले ऑटोफोकस भंगार आहे. मेन्यूत एक पर्याय होता जो जवळच्या अंतरासाठी सरकलेली दुसरी चौकट दाखवायचा, म्हणजे इलाज होता, पण तो मुळात बंद ठेवलेला होता आणि त्याच्या नावावरून काय कळणार डोंबल. शिवाय ऑप्टिकलमध्ये ८० सेंटीमीटरपेक्षा जवळ फोकस करायलाच तो नकार द्यायचा, मॅक्रो (अगदी जवळच्या फोटोचा मोड) चालू करायला लागायचा, मॅक्रो केला की आपोआप इलेक्ट्रॉनिक स्क्रीन यायची. समोर चहाचा कप धरून बसलेला मित्र किती लांब असतो? ७०-८० सेंटीमीटर. बरोबर सीमेवर. म्हणजे कॅमेऱ्याने नेमकी अशी जागा निवडली की रोजच्या वापरातला फोटो अर्ध्या वेळा अडेल.

चौकोन हलवायचा तर आणखी कसरत. पाठीवर स्क्रीनच्या डाव्या बाजूला एएफ बटण, ते डाव्या हाताने दाबून धरायचं आणि उजव्या अंगठ्याने चार दिशांचं चाक दाबायचं. डावा हात खरं तर लेन्सखाली असतो, कॅमेऱ्याला आधार द्यायला. तो काढला की कॅमेरा डुलतो. आणि ते चाक म्हणजे एक पातळ गोल रिंग, फिरायची पण आणि दाबायची पण, मधोमध मेन्यू-ओकेचं टिकलीएवढं बटण, ओके दाबायला जावं तर रिंगच दाबली जायची. मॅन्युअल फोकस करतो म्हणाल तर लेन्सची रिंग इलेक्ट्रॉनिक, आतल्या काचेशी थेट जोडलेली नाही, लांबपासून जवळ यायला फिरवत बसा, फिरवत बसा, विहिरीवरचा रहाट बरा. बॅटरी उलटीसुद्धा आत जायची, आणि मग कॅमेरा चालू का होत नाही म्हणून घाम. कार्डावर रॉ लिहून होईपर्यंत मेन्यू अडून बसायचा. एक्स्पोजरचा डायल पिशवीत घासून फिरायचा (हा मात्र डायलचा गुणच आहे म्हणा, फिरलाय हे निदान दिसतं तरी). काही कॅमेऱ्यांत अॅपर्चरची पाती चिकटून फोटो पांढरे यायचे, पण तो बिघाड झाला, डिझाइनचा विषय नाही, म्हणून सोडून देतो.

आता ही सगळी यादी समोर ठेवून मी बराच वेळ विचार करत होतो की बाबा ह्यात काही सूत्र आहे का. एकच टीम, एकच कॅमेरा, मग वरचा भाग एवढा शहाणा आणि मागचा एवढा येडा का? सोपं उत्तर असं की वरचा भाग जुन्या फिल्म कॅमेऱ्यावरून घेतला आणि मागचा स्वस्त डिजिटल कॅमेऱ्यावरून. ते खरंच आहे, तो मेन्यू बघून तसंच वाटतं. पण मला त्याच्या खाली आणखी एक गोष्ट दिसते. शटर, अॅपर्चर, एक्स्पोजर ही कामं १९७० सालीही दर फोटोला करायची होती आणि २०११ सालीही. काम बदललं नाही म्हणून जुनी जागा चपखल बसली. आयएसओचं तसं नाही. फिल्मच्या काळात आयएसओ कॅमेऱ्यात नव्हताच, तो रोलमध्ये होता. रोल भरताना एकदा १०० की ४०० ते लावायचं की ३६ फोटो निवांत. म्हणून जुन्या कॅमेऱ्यावर त्याला मानाची जागा नव्हती, बऱ्याच एसएलआरवर तो शटरच्याच डायलमध्ये एका छोट्या खिडकीत असायचा, कडा उचलून फिरवायचा, मुद्दाम अवघड, चुकून फिरू नये म्हणून. डिजिटलमध्ये हेच काम दर फोटोला करायचं झालं. ज्यांनी जुन्या कॅमेऱ्याचा नकाशा समोर ठेवून नवीन कॅमेरा बांधला त्यांना नकाशात ह्या कामासाठी खोलीच सापडली नाही, मग ते गेलं मेन्यूच्या अडगळीत. तेच एनडीचं, तेच रॉचं. हा माझा अंदाज आहे, कंपनीच्या कोणी मला येऊन सांगितलेलं नाही, पण पुढे काय झालं ते बघितलं की हा अंदाज बसतो.

पुढे झालं ते असं की कंपनीने ऐकलं. आणि हे खरंच त्या काळात नवीन होतं, कॅमेरा विकला की कंपनीचा संबंध संपला, आवडलं नाही तर पुढचं मॉडेल घ्या, अशीच पद्धत होती. इथे फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या, येत राहिले. प्रक्रिया साधी, फाइल कार्डावर टाकायची, डिस्प-बॅकचं बटण दाबून धरून कॅमेरा चालू करायचा, ओके म्हणायचं आणि देवाचं नाव घेत बॅटरी संपू नये म्हणून बसायचं. ऑटो आयएसओ सेटअपमधून उठून शूटिंग मेन्यूत आयएसओच्या शेजारी आला. रॉचं बटण दुसऱ्या कामाला देता यायला लागलं, म्हणजे एफएनवर आयएसओ आणि रॉवर एनडी, झाला संसार सुरळीत. एफएन दाबून धरलं की त्याला कुठलं काम द्यायचं ती यादी थेट उघडायला लागली. ऑप्टिकलमधलं फोकसचं अंतर जवळ आणलं. मॅन्युअल फोकसची रिंग कमी फिरवून चालायला लागली. ह्यातल्या एकाही गोष्टीला नवीन स्क्रू लागला नाही. सगळं आधीच शक्य होतं, फक्त कॅमेरा वापरणाऱ्या माणसाबरोबर चार दिवस हिंडायला कोणीतरी हवं होतं असं मला वाटत राहतं.

कळस झाला ऑक्टोबर २०१३ मध्ये. तोपर्यंत पुढचं मॉडेल एक्स१००एस जानेवारीतच जाहीर होऊन दुकानात आलेलं, जुना एक्स१०० कंपनीच्या दृष्टीने संपलेला. आणि त्या संपलेल्या कॅमेऱ्यासाठी फुजीने फर्मवेअर २.०० काढला, त्यात फोकस पीकिंग, म्हणजे फोकसमध्ये आलेल्या कडा चमकून दिसणं, जे मुळात नव्हतंच, ते फुकट दिलं, ऑटोफोकस आणखी सुधारला, सुरू व्हायचा वेळ कमी केला. जुन्या गिऱ्हाइकाला दुकानदाराने रस्त्यात थांबवून खिशात पेढा ठेवावा तसं. ह्यानंतर लोक फुजीच्या अपडेटला ‘कायझेन’ (सतत सुधारणा अशा अर्थाचा जपानी शब्द) म्हणायला लागले. धंद्याच्या हिशोबाने बघितलं तर विचित्र, कारण जुना सुधारला तर नवीन कोण घेणार, पण ज्यांनी जुना सुधारलेला बघितला त्यांनीच पुढे बिनधास्त नवीन घेतला, माझ्या ओळखीत तरी तसंच झालंय.

एक्स१००एसमध्ये कंपनीने सुमारे ७० सुधारणा केल्याचं सांगितलं. मला त्यातली एकच सांगायचीय. रॉच्या बटणाच्या जागेवर आता ‘क्यू’ होतं, क्विक मेन्यू, दाबलं की रोज लागणाऱ्या सगळ्या गोष्टी एका पानावर, आयएसओ पण तिथेच. सोन्यासारखी जागा शेवटी लायक माणसाला मिळाली. २०१४ च्या एक्स१००टीमध्ये ती फिरणारी-दाबणारी रिंग काढून सरळ चार वेगळी बटणं दिली, कामं देता येणारी बटणं सात झाली (एकावरून सात!), अॅपर्चरची रिंग एक तृतीयांश स्टॉपला टकटक करायला लागली, आधी मधल्या पायऱ्यांसाठी पाठीवरची लिव्हर ढकलायला लागायची. २०१७ च्या एक्स१००एफमध्ये डाव्या बाजूची बटणं उचलून उजवीकडे आणली आणि फोकसचा चौकोन हलवायला छोटी जॉयस्टिक दिली. डावा हात एकदाचा लेन्सखाली परत गेला, सहा वर्षं लागली त्याला.

आणि ह्याच एक्स१००एफमध्ये आयएसओला अखेर स्वतःचा डायल मिळाला! कुठे? शटरच्या डायलमध्ये, छोट्या खिडकीत, कडा उचलून फिरवायचा. ओळखीचं वाटलं ना. १९७० सालची तीच खिडकी, जी रोलमागे एकदा फिरवायला, मुद्दाम अवघड बनवलेली. फोटो बघून मी हसलोच. आता बंद कॅमेऱ्यातही आयएसओ दिसतो, राजगडावर हा असता तर सुवेळा माचीवर पोचायच्या आधी माझ्या लक्षात आलं असतं, हे मान्य. पण डोळा व्ह्यूफाइंडरला लावून, दोन बोटांनी कडा उचलून धरून, तशीच गोल फिरवायची आणि ४०० वरून ३२०० ला न्यायचं, लग्नात वरमाला पडतानाच्या गडबडीत, हे ज्याने करून बघितलंय त्याला विचारा. वापरणाऱ्यांत तेव्हा सरळ दोन तट पडले, एक म्हणे किती सुंदर, दुसरा म्हणे नखं तुटली. मला दोघंही बरोबर वाटतात. दिसायच्या बाजूने सुधारणा झाली, फिरवायच्या बाजूने नाही, आणि फिरवायच्या बाजूचा विचारच कोणी केला नाही असं नाही म्हणणार मी, पण जुन्या नकाशाचा मोह जिंकला.

२०२० च्या एक्स१००व्हीमध्ये वाकणारी स्क्रीन आली, खूप वर्षांची मागणी, कमरेजवळ कॅमेरा धरून फोटो काढता येतो. पाण्याधुळीपासून संरक्षण पण आलं, पण पुढे वेगळी विकत घ्यायची रिंग आणि फिल्टर लावला तरच, म्हणजे छत्री घेतली पण दांडी वेगळी मिळेल. त्याच वेळी ती चार बटणं, एक्स१००टीमध्ये एवढी कौतुकाने दिलेली, काढून टाकली. त्याऐवजी स्क्रीनवर बोट सरकवायचं, वर सरकवलं की एक, डावीकडे सरकवलं की दुसरं. जुलैत कोकणात बोटं ओली, स्क्रीन ओली, आणि सरकवताय कुठे, मग करा परत मेन्यू. बटण अंधारात हाताला लागतं, काचेवरची दिशा लागत नाही. हे पाऊल मला आजही पटलेलं नाही आणि कदाचित खर्च वाचवायला किंवा स्क्रीनला जागा करायला केलं असेल, काहीही असो. पण गंमत बघा, हाच कॅमेरा २०२२ नंतर टिकटॉकवरून असा काही गाजला की मिळेनासा झाला, सेकंडहँड नव्यापेक्षा महाग. म्हणजे बाजार बटणं मोजून चालत नाही. फेब्रुवारी २०२४ ला एक्स१००व्हीआय आला (सगळे सिक्सच म्हणतात), ४०.२ मेगापिक्सेल, सेन्सर हलवून थरथर थांबवणारी यंत्रणा ह्या मालिकेत पहिल्यांदाच, त्याच्यासाठीही रांगा. चार बटणं काही परत आली नाहीत.

आणि डायलचं काय झालं ते राहिलंच. एक्स्पोजरच्या डायलवर एक्स१००एफपासून एक ‘सी’ आला. त्यावर ठेवलं की डायल काही सांगत नाही, आकडा चाकाने बदलतो आणि फक्त स्क्रीनवर दिसतो, कारण लोकांना तीनच्या पुढे पाच स्टॉपपर्यंत जायचं होतं. आयएसओच्या खिडकीत एक ‘ए’ आहे, ऑटोसाठी. पण आता ऑटो तीन प्रकारचे साठवून ठेवता येतात, एक, दोन आणि तीन, प्रत्येकाची कमाल मर्यादा वेगळी, कमीत कमी शटर वेगळं. परवा एका मित्राने त्याचा कॅमेरा माझ्या हातात दिला, बंद होता, मी सवयीने वरून बघितलं, २५०, एफ/४, आयएसओ ए. त्याला विचारलं, ए म्हणजे कुठला ए? तो म्हणाला थांब, आणि कॅमेरा चालू करून मेन्यूत शिरला.